५२ वजा २७ बरोबर ३५

आज जादा तासाला तिसरीतल्या एका पोराच्या वहीत हे उत्तर दिसलं. घाईत झालेली चूक वाटते ना? पण खालची सगळी गणितं त्याच धर्तीवर. दोनातून सात जात नाहीत, म्हणून स्वारीने सरळ सातातून दोन वजा केले. म्हणजे नियम आहे, फक्त तो त्याचा स्वतःचा! अशा वेळी आणखी वीस उदाहरणं घातली तर चूकच पक्की होते.

मग काड्या काढल्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे, दोन सुट्या. "सत्तावीस दे मला." त्याने दोन गठ्ठे दिले, दोन्ही सुट्या दिल्या आणि थबकला. "रबर काढू?" काढ की बाबा! उरलेल्या पंचवीस मोजल्यावर वहीतले ३५ त्यानेच खोडले. 'हातचा' मी तोवर उच्चारलाही नव्हता.

शाब्दिक उदाहरणांत मात्र अडतं ते वाचन. एकेक अक्षर जुळवत वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात डोक्यातून गेलेली असते, आणि शेरा मिळतो 'गणितात कच्चा'. मी वाचून दाखवलं की तोंडी उत्तर तयार. म्हणून हल्ली एकच छोटा उतारा दोन-तीनदा मोठ्याने वाचून घेते. अडलेला शब्द लगेच सांगते, अंदाज बांधायला लावत नाही. मुलं कंटाळतील म्हणतात लोक. तिसऱ्या वेळी अडखळणं कमी झालं की त्यांचे चेहरे बघा!

आणि हो, पालकहो, 'अभ्यास नाही केलास तर जादा तासाला बसवीन' ही धमकी तेवढी बंद करा, प्लीज.