नाताळानंतर मलावीच्या सरोवरकाठाने: ब्लँटायर ते लिव्हिंगस्टोनिया

मलावीत सेवेला आलेल्या पाळक दांपत्याला खरी सुट्टी मिळते ती नाताळाच्या उपासना आटोपल्यावर. दक्षिण गोलार्धात हा उन्हाळा, पण इथे तो पावसाळाही असतो. सकाळी लख्ख ऊन, दुपारी गडगडाट आणि संध्याकाळी पुन्हा मोकळं आकाश. आम्ही दोघं या दिवसांत ब्लँटायरहून सरोवराच्या काठाने उत्तरेला लिव्हिंगस्टोनियापर्यंत गाडीने जातो. सेवेतल्या प्रत्येक जोडप्याने ही वाट एकदा तरी करावी, असं आम्हाला मनापासून वाटतं. स्कॉटिश मिशनचं ठाणं ज्या क्रमाने हललं, त्याच क्रमाने ही वाट जाते: १८७५ साली केप मॅक्लिअर, १८८१ साली बांडावे, १८९४ साली डोंगरमाथ्यावरचं लिव्हिंगस्टोनिया.

निघण्याआधी गाडीइतकीच मंडळीचीही (चर्चच्या सभासदांचीही) तयारी करावी लागते. इथल्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये एका पाळकाकडे अनेक प्रार्थनाघरं असतात आणि एरवीही बऱ्याच उपासना मंडळीचे वडील (एल्डर) चालवतात. त्यामुळे रविवार अडत नाहीत. अडतात ती अंत्यविधीची बोलावणी. दफनाला ‘अबुसा’ म्हणजे पाळक हवेतच, असा आग्रह असतो. म्हणून शेजारच्या पाळकांशी आधी बोलून त्यांचं नाव वडिलांच्या सभेत जाहीर करायचं आणि फोन फक्त सेशन क्लार्ककडूनच (वडिलांच्या सभेच्या चिटणिसाकडूनच) येईल असं ठरवून घ्यायचं. एवढं केलं नाही, तर माणूस सरोवरावर आणि मन ब्लँटायरमध्ये, अशी सुट्टी होते.

एका बाजूचं अंतर, केप मॅक्लिअरचा फाटा धरून, नऊशे किलोमीटरच्या आसपास आहे. लिटरला दहा किलोमीटर धरले, तर जाऊन-येऊन दोनशे लिटरच्या घरात इंधन लागतं, आणि इथे भरवसा नसतो तो नेमका इंधनाचाच. परकीय चलनाची चणचण आली की पंप कोरडे पडतात. टंचाई वाढली की कॅनमध्ये इंधन द्यायलाही बंदी येते. टाकी अर्ध्यावर आली आणि पंपावर माल दिसला, तर रांग कितीही असो, भरून घ्यावं. रोख पैसेही भरपूर हवेत. इथलं चलन क्वाचा, सर्वांत मोठी नोट पाच हजारांची आणि एटीएममधून एका वेळी थोडेच निघतात, त्यामुळे एटीएमच्या फेऱ्या निघण्याच्या चार-पाच दिवस आधीच सुरू कराव्यात. भारतीय किराणा ब्लँटायरला लागूनच्या लिंबेतच भरून घ्यावा. पुढे डाळ, पोहे, चहाचा मसाला यांची खात्री नाही.

गाडीत दोन परावर्तक त्रिकोण हवेत. पोलिसांच्या नाक्यावर हटकून तेच मागतात. दंड झालाच तर पावती घेऊन भरावा. जॅकखाली ठेवायला फूटभर लांबीची जाड फळी घ्यावी, कारण पावसाने भिजलेल्या लाल मातीत नुसता जॅक गाडी उचलण्याऐवजी स्वतःच खाली जातो. ट्यूबलेस टायरचा पंक्चर संच, हवेचा पंप, फॅन बेल्ट, कूलंट आणि दोन लिटर इंजिन ऑइल हेही सोबत असू द्यावं.

दिवस उजाडतो पाचच्या सुमारास. साडेपाचला निघावं आणि दुपारी दोनच्या आत मुक्काम गाठावा, हा नियम आम्ही मोडत नाही. दुपारनंतर पाऊस कोसळतो, आणि अंधार पडल्यावर रस्त्यावर बिनदिव्याच्या सायकली, बकऱ्या, पायी चालणारी माणसं आणि बंद पडलेले ट्रक एकदमच समोर येतात. वस्तीतून ताशी पन्नासच्या वर जायचं नाही. शहाणपण म्हणूनही, आणि वेग मोजणारे पोलीस गावाच्या वेशीवरच उभे असतात म्हणूनही.

झोम्बा, लिवोंडे, मांगोची, मंकी बे असं करत पहिल्या दिवशी केप मॅक्लिअर गाठता येतं. चेम्बे गावाच्या टोकाला राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाजवळ पहिल्या मिशनऱ्यांच्या कबरी आहेत. तिथे घाईने जाऊ नये. डॉ. रॉबर्ट लॉज आणि त्यांच्या सोबत्यांनी इथे ठाणं मांडलं तेव्हा मलेरिया डासांमुळे होतो हे जगाला ठाऊक नव्हतं. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी दिसले ते १८९७ साली. तोवर ही माणसं दूषित हवेपासून पळायचं म्हणून ठाणं हलवत राहिली होती.

मराठी माणसाने इथे आणखी एक आठवण ठेवावी. या सरोवराच्या परिसरातला याओ जमातीचा मुलगा चुमा गुलामांच्या तांड्यातून सुटला आणि १८६४ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्यासोबत मुंबईला पोचला. तिथे तो डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला, तिथेच त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि मग तो लिव्हिंगस्टन यांच्या शेवटच्या प्रवासात सामील झाला. १८७३ साली लिव्हिंगस्टन वारले तेव्हा प्रार्थना वाचणारा आणि झाडावर त्यांचं नाव कोरणारा जेकब वेनराइट हा आपल्या नाशिकच्या मिशनमध्ये शिकलेला होता. मुंबई-नाशिकच्या मंडळ्यांमध्ये ही नावं क्वचितच घेतली जातात, याचं आम्हाला वाईट वाटतं. आफ्रिकेतल्या सुवार्तेच्या कामात आपला हात फार जुना आहे.

आता पोहण्याबद्दल. पाणी काचेसारखं नितळ असतं, रंगीत एम्बुना मासे पायांभोवती फिरतात आणि उतरायचा मोह होतोच. पण या पाण्यात बिल्हार्झिया आहे, म्हणजे गोगलगायींमधून पाण्यात येऊन कातडीतून अंगात शिरणाऱ्या कृमींचा रोग. ‘लव्हाळी टाळा, वाळूत धोका नाही’ हा जुना सल्ला इथे पुरत नाही. गोगलगायी खाणारे मासे अतिमासेमारीने घटले, आणि उघड्या वाळूत राहणाऱ्या एका जातीच्या गोगलगायी रोग पसरवू लागल्या. त्यामुळे गावासमोरच्या किनाऱ्यावर उतरूच नये. होडीने खडकाळ बेटाशी जावं, बाहेर आल्यावर टॉवेलने अंग लगेच खसखसून पुसावं आणि तरीही धोका शून्य नाही हे धरून चालावं.

मलेरियाचंही तसंच. ब्लँटायर हजार मीटरच्या वर आहे, सरोवराचा काठ पावणेपाचशेच्या आसपास. उंचावर राहून अंगवळणी पडलेली बेफिकिरी खाली उतरताना सोडावी लागते. स्वतःची मच्छरदाणी न्यावी, मुक्कामावरच्या जाळीला हमखास भोकं असतात. बोट टोचून करायच्या तपासणीचे संच आणि आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन या मलेरियाच्या औषधाचा पूर्ण कोर्स डॉक्टरांना विचारून सोबत ठेवावा. मोठ्या माणसाला एका वेळी चार गोळ्या, तीन दिवसांत सहा वेळा, म्हणजे चोवीस. पहिल्यानंतर दुसरा डोस आठ तासांनी. गोळी दूध किंवा तेलातुपाच्या घासाबरोबर घ्यावी, रिकाम्या पोटी औषध नीट शोषलं जात नाही. ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या सोडणं ही सर्रास होणारी आणि महागात पडणारी चूक.

केप मॅक्लिअरहून उत्तरेला एम-५ रस्ता सरोवराला धरून जातो. वाटेत मुआ इथलं कॅथलिक मिशन १९०२ सालचं. तिथलं चामारे संग्रहालय चेवा, न्गोनी आणि याओ लोकांच्या चालीरीती इतक्या आदराने मांडतं की इथे नव्याने आलेल्या प्रत्येक मिशनऱ्याला पहिल्याच महिन्यात तिथे न्यावं. पुढे सलिमा, न्खोटाकोटा, ड्वांग्वाचे उसाचे मळे. या टप्प्यात डोंगरकड्यावरून येणारे ओढे रस्ता ओलांडतात आणि पावसात मोऱ्या वाहून जातात. पुलावरून पाणी वाहत असेल आणि कठडा दिसत नसेल, तर थांबावं. हे ओढे आखूड आणि तीव्र उताराचे, त्यामुळे पाणी जसं चढतं तसं पुष्कळदा काही तासांत उतरतंही. समोरचा ट्रक गेला म्हणून आपण जाऊ नये, त्याचं वजन वेगळं.

जेवायला काठावर न्सिमा (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) आणि चांबो किंवा कांपांगो मासा मिळतो. उसिपा ही चिमुकली सुकी मासळी कांदा-टोमॅटोत परतली की थेट आपल्या सुकटीसारखी लागते. या दिवसांत आंबेही रस्तोरस्ती असतात. सरोवरावर धुरासारखे उठणारे काळे लोट चिलटांचे असतात. ते काठाकडे आले तर काचा बंद करायच्या, एवढंच.

बांडावेला, चिंटेचेच्या जवळ, जुनं चर्च आणि कबरी आहेत. इथे टोंगा आणि म्झुझूपासून पुढे टुंबुका भाषा ऐकू येते. टुंबुका बोलणाऱ्यांना ‘मुली ब्वांजी’च्या (कसे आहात) जागी ‘मुली उली’ आणि ‘झिकोमो’च्या (धन्यवाद) जागी ‘येवो’ म्हटलं की चेहरे खुलतात. मग न्खाटा बे, चढून म्झुझू, आणि एम-१ ने चिवेटाच्या उतारावरून पुन्हा सरोवराकाठी चिटिम्बा. हा उतार दुसऱ्या गिअरमध्येच उतरावा. ब्रेकवर पाय ठेवून उतरल्यास तळाशी येईतो ब्रेक तापून निकामी होऊ लागतात.

चिटिम्बाहून वर जाणारा गोरोडे नावाचा घाट हा सगळ्या प्रवासातला कठीण भाग. सुमारे पंधरा किलोमीटर कच्चा रस्ता, वीस हेअरपिनसारखी वळणं आणि जवळजवळ नऊशे मीटर चढ. चारही चाकांना जोर देणारी, लो रेंज (हळू पण जास्त जोराचा गिअर) असलेली गाडी नसेल तर पावसात चढूच नये. टायरची हवा २६–२८ पीएसआयपर्यंत उतरवावी, लो रेंज तळालाच लावावी, वळणाच्या मधोमध गिअर बदलू नये. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची रीत आहे, म्हणून उतरताना प्रत्येक वळणाआधी हॉर्न वाजवून कानोसा घ्यावा. रात्री पाऊस झाला असेल तर सकाळचं ऊन रस्ता सुकवेपर्यंत, साधारण दहापर्यंत, वाट पाहावी. साधी गाडी असेल तर ती चिटिम्बाच्या एखाद्या लॉजवर ठेवून पाण्याच्या बाटल्या घेऊन पहाटे पायी निघावं. चार-पाच तास लागतात. वाटेवर मांचेवे धबधबा आहे, सुमारे सव्वाशे मीटर उंच आणि या दिवसांत पूर्ण भरात.

वर हवा गार. रात्री स्वेटर लागतो. डॉ. लॉज यांचं दगडी घर आता संग्रहालय आणि अतिथिगृह आहे. खोल्या थोड्या, म्हणून आधी कळवावं. सभोवती शाळा, इस्पितळ, विद्यापीठ, विटांचं मोठं चर्च. इथे किमान तीन रात्री राहावं आणि काहीही ‘करू’ नये. पाळक आल्याचं कळलं की उपदेशाची विनंती येतेच, आणि नाही म्हणणं जड जातं. शनिवारीच तिथल्या पाळकांना भेटून ‘आम्ही सुट्टीवर आहोत, रविवारी फक्त मंडळीला सलाम सांगू’ असं सांगितलं तर कोणी रागावत नाही. बाकावर शेजारी बसून, एकमेकांच्या गीतपुस्तकात बघत उपासना करायला पाळक आणि पाळकबाईंना एरवी वर्षभर मिळत नाही. आमच्या मते हा या सुट्टीचा गाभा आहे.

परतीला म्झुझूहून एम-१ ने विफ्याच्या जंगलातून कासुंगू आणि लिलोंग्वेमार्गे यावं. हा रस्ता सरोवरकाठापेक्षा सरळ आहे, पण विफ्यात सकाळी दाट धुकं आणि लाकडाचे ट्रक असतात. तिथे सातच्या आधी शिरू नये. ब्लँटायरला पोचल्यावर कॅलेंडरवर शेवटच्या पोहण्यापासून आठ आठवड्यांनंतरची तारीख लिहावी. बिल्हार्झियाची तपासणी आणि त्यावरचं औषध प्राझिक्वांटेल त्या सुमारास. वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि जेवणानंतर. घाई करून आधीच घेतली, तर औषध अंगातल्या कोवळ्या कृमींवर नीट चालत नाही आणि पुन्हा घ्यावं लागतं.