क्रीटची लिरा : गजाचा हात, नखाचा सूर आणि कोन्दिल्येस

ग्रीसच्या क्रीट बेटाची लिरा, म्हणजे गजाने वाजवायचे तीन तारांचे वाद्य, हौसेने शिकणाऱ्यांसाठी माझ्या सरावाच्या ताज्या टप्प्याची ही नोंद आहे. या टप्प्यात बहुतेक वेळ मी उजव्या हाताला, म्हणजे गजाला दिला. लिरा हे मुळात नाचाचे वाद्य आहे. डावा हात सुरांचे काम करतो, पण नाचणाऱ्यांची पावले गजावर पडतात, आणि हे एकदा नीट ध्यानात आले की सरावाचा सगळा क्रमच बदलतो. जुन्या वादकांच्या गजाला बारीक घुंगरे बांधलेली असत आणि मनगटाच्या झटक्यासरशी ती वाजून सुरावटीबरोबरच ठेकाही धरला जाई. विसाव्या शतकात लाउतो, म्हणजे चार जोडतारांचे लांब मानेचे वाद्य, लिरेच्या साथीला सर्रास बसू लागले. ठेक्याचा भार त्याने उचलल्यावर घुंगरे मागे पडली, तरी गजाचा तो झटका वादनात टिकून आहे. मी तो घुंगरांशिवायच घोटतो आहे. सुरुवातीला नुसत्या मोकळ्या तारेवर, मग एका बोटाच्या सुरावर, आणि त्यानंतरच पूर्ण ओळीवर.

वाद्याची ओळख नव्या वाचकांसाठी थोडक्यात. लिरा पेराच्या आकाराची असते आणि तिचा पोकळ देह, मान व डोके एकाच लाकडातून कोरून काढतात. त्यासाठी तुती, अक्रोड, मेपल अशी लाकडे वापरतात. वरचा पातळ तक्ता मऊ लाकडाचा असतो आणि जुन्या इमारतींच्या तुळयांचे वाळून मुरलेले लाकूड त्यासाठी फार मोलाचे मानले जाते. तक्त्यावर अर्धवर्तुळाकार दोन छिद्रे असतात. तारा तीन, पंचमाच्या अंतराने लावलेल्या: जाड तार सा धरली तर मधली प आणि पातळ तार वरच्या सप्तकातला रे. आज सर्वत्र दिसणारा लिरेचा आकार क्रीटमधल्या रेथिम्नो शहराचे वाद्यकार मानोलिस स्तागाकिस यांच्या हातून रुळला. त्याआधी नाचासाठी लहान, तीक्ष्ण आवाजाची लिराकी आणि खर्जाची मोठी व्रोन्दोलिरा असे प्रकार वाजत असत.

आता डाव्या हाताबद्दल. व्हायोलिनवरून येणाऱ्याला येथे सर्वांत मोठा बदल करावा लागतो, कारण लिरेत तार पट्टीवर दाबायची नसते. बोटाच्या नखाचा सपाट पृष्ठभाग तारेला बाजूने टेकवायचा असतो आणि तार हवेतच राहते. आपल्याकडच्या सारंगीच्या वादकांना हे तत्त्व सांगावे लागणार नाही; सारंगीतही तार बाजूनेच अडवतात, फक्त तेथे नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेचा भाग लागतो. नखाने काढलेल्या सुराला किंचित धातूची धार येते आणि दोन सुरांमधली सूत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, विनासायास घेता येते. दाबाचे प्रमाण मात्र फार नाजूक आहे. नख जेमतेम टेकले तर सूर शिट्टीसारखा निघतो, आणि जोर वाढवला की तार बाजूला ढकलली जाऊन सूर चढतो. त्या दोन टोकांच्या मधली जागा बोटाला आता बहुतेक वेळा आपोआप सापडते. तर्जनी आणि मधले बोट स्थिरावले आहे. अनामिकेचा सूर अजून थोडा खाली राहतो, म्हणून रोज तंबोऱ्याच्या षड्जावर तेवढा एकच सूर लांब गजाने भरतो. नखे बोटाच्या टोकाबरोबर ठेवलेली बरी, असे माझे मत झाले आहे.

लिरा मांडीवर उभी धरतात आणि गज तळहात वर ठेवून खालून पकडतात. तार बदलताना गजाची पातळी फारशी हलत नाही, वाद्यच मांडीवर किंचित फिरते. हे फिरणे मनगटातून आणि अंगठ्यातून येते. ते सहज होऊ लागल्यावर मधल्या तारेचा अखंड सूर सुरावटीखाली धरून ठेवणे सोपे झाले, आणि वादन एकदम भरदार वाटू लागले.

या टप्प्यातला सर्वांत आनंदाचा भाग कोन्दिल्येसचा. पूर्व क्रीटमध्ये या नावाच्या छोट्या, पुन्हापुन्हा फिरवायच्या सुरावटी आहेत आणि त्यांच्यावर मांदिनादा गातात. मांदिनादा म्हणजे यमकाने जोडलेल्या दोन ओळी; प्रत्येक ओळ पंधरा अक्षरांची, आठव्या अक्षरानंतर यती, मग उरलेली सात. प्रेम, विरह, थट्टा, वधूवरांना शुभेच्छा, गेलेल्या माणसाची आठवण, काहीही त्या दोन ओळींत मावते. बैठकीत एकाने म्हटलेल्या ओळी बाकीचे उचलतात, आणि मग दुसरा कुणी त्याला उत्तर म्हणून आपली मांदिनादा टाकतो. पाठ केलेल्या शेकडो असतात, पण जागच्या जागी रचणाऱ्याचा मान वेगळाच. या आठ-सात अक्षरांच्या मापाने मी गज मोजायला लागलो, तेव्हा कोन्दिल्येसची वाक्ये कुठे श्वास घेतात ते कळले. केवळ मात्रा मोजून ते कळत नव्हते. माझा आग्रह आहे की लिरा शिकणाऱ्याने ग्रीक येत नसले तरी निदान चार मांदिनादा तोंडपाठ कराव्यात आणि त्या वाजवण्याआधी गुणगुणाव्यात.

नाचांपैकी सध्या सिर्तोस हाती आहे. पश्चिम क्रीटमधल्या हान्या शहराच्या बाजूचा हा नाच उघड्या वर्तुळात, हात धरून करतात आणि पहिला नाचणारा आपल्या मनाने पावलांची करामत दाखवतो. त्यामुळे वादकाची नजर त्याच्यावर असावी लागते: तो रमला असेल तर तीच सुरावट फिरवत ठेवायची, थकला असेल तर पुढच्या सुरावटीकडे वळायचे. घरी एकट्याने वाजवताना हे साधत नाही, म्हणून मी नाचाच्या चित्रफिती आवाज बंद करून लावतो आणि पुढच्या नर्तकाच्या पायांवर गज चालवतो. ही युक्ती मनापासून सुचवतो. पेन्दोझाली हा खांद्यावर हात ठेवून केला जाणारा उड्यांचा वेगवान नाच आणि रेथिम्नोची जोडीने समोरासमोर नाचायची सूस्ता, या दोन्हींना अजून हात लावलेला नाही.

ऐकण्यात आंद्रेआस रोदिनोस, थानासिस स्कोर्दालोस आणि कोस्तास मुंदाकिस हे तिघे लिरावादक आहेत. रोदिनोस 1934 साली वयाच्या अवघ्या 22 व्या वर्षी गेले, तरी त्यांच्या थोड्याशा ध्वनिमुद्रणांतला गजाचा लवचीकपणा पुढच्या पिढ्यांनी आदर्श मानला. मुंदाकिस (1926–1991) यांनी बेटावर लिरा शिकवण्याची घडी बसवली. त्यांची वाक्ये स्वच्छ सुटी येतात, म्हणून नक्कल करायला मी त्यांच्यापासून सुरुवात केली. त्यांचेच शिष्य रॉस डेली यांनी सारंगीवरून प्रेरणा घेऊन तरफांची, म्हणजे न वाजवता आपोआप गुंजणाऱ्या जास्तीच्या तारांची, लिरा घडवली. तिच्या वाजवायच्या तीन तारा 29 सेंटिमीटरच्या, आणि खाली भारतीय पद्धतीच्या जवारीच्या घोडीवर (तारेला झणत्कार देणाऱ्या रुंद घोडीवर) गुंजणाऱ्या 18 तरफा, ज्यांची संख्या पुढे 22 झाली. सारंगी ऐकत वाढलेल्या कानाला ती ओळखीची वाटते. शिकायला मात्र साधी तीन तारांचीच बरी, कारण तरफांची गुंज डाव्या हाताचा कच्चेपणा झाकते.

चालीरीतींचे वाचन सरावाबरोबर चालू ठेवले आहे, कारण कोणती सुरावट कुठे शोभते हे त्याशिवाय उमगत नाही. लग्नात लिरा आणि लाउतो वाजवत मंडळी रस्त्याने नवरीच्या घरी जातात. त्या चालत्या वादनाला पातिनादा म्हणतात आणि त्याचा गज नाचातल्यापेक्षा संथ, लांब असतो. जेवणात मांसाच्या रश्श्यात शिजवलेला भात, गामोपिलाफो, ठरलेला. पश्चिमेकडे श्वेत पर्वतांच्या पायथ्याच्या गावांत मात्र रिझितिका गाणी वाद्याशिवायच म्हणतात: पुरुषांचा एक गट ओळ गातो, दुसरा तीच परत गातो; काही गाणी पंगतीची, काही वाटेने जाताना म्हणायची. लिरेसाठी ती नाहीत, म्हणून ती वाजवण्याचा मोह मी आवरला आहे आणि फक्त ऐकतो.

पुढच्या टप्प्यात सिगानोस हा संथ नाच घेणार आहे, कारण लांब गजावर सूर स्थिर ठेवण्याची खरी परीक्षा तेथेच होते. त्यासोबत अनामिकेचे काम आणि आणखी काही कोन्दिल्येस चालू राहतील. लाउतोची साथ करू शकेल असा कुणी तंतुवाद्याचा जाणकार जवळपास असेल तर त्याच्यासोबत बसून वाजवायला मला फार आवडेल.