कलेजी, केस आणि क्लेनब्युटेरॉल

रविवारी कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमध्ये मटण घेताना शेजारच्या आजोबांनी कलेजी थोडी जास्त मागितली आणि प्रयोगशाळेत वर्षे काढलेल्या मला क्लेनब्युटेरॉल आठवले. दम्यावरचे हे औषध जनावरांना मोठ्या मात्रेत दिले की चरबी घटून मांस वाढते. मात्र ते यकृतात साठते, आणि १९९० मध्ये स्पेनमध्ये अशी कलेजी खाल्लेल्या शंभराहून अधिक लोकांना थरथर व छातीत धडधड असा त्रास झाला होता. युरोपीय संघाने १९९६ मध्ये जनावरांच्या वाढीसाठी अशा औषधांचा वापर निषिद्ध ठरवला.

या औषधाची तपासणी बहुधा जनावरांच्या मूत्रापासून सुरू होते. एलायझा चाचणी संशयित नमुने झटपट वेगळे काढते, पण तिच्यातली, औषधाच्या रेणूला पकडणारी प्रतिपिंडे सारख्या रचनेच्या रेणूंनाही फसतात. म्हणून द्रव क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले घटक वेगळे करणारी पद्धत) आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने (वस्तुमानावरून रेणू ओळखणारी पद्धत) खातरजमा झाल्याशिवाय कोणाही पशुपालकावर ठपका ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. औषध आधीच थांबवले तर मूत्र लवकर स्वच्छ होते. डोळ्यातला दृष्टिपटल आणि केस, विशेषतः काळे केस, मात्र रंगद्रव्याला चिकटलेला अंश कितीतरी आठवडे जपून ठेवतात. (पांढरी शेळी याबाबतीत मालकाची बाजू घेते म्हणायची!)

आजोबांपाठोपाठ मीही पाव किलो कलेजी घेतली.