पाहिजे : फ्रेशर, अनुभवी

नाशिकजवळच्या एका कारखान्याला अकाउंटंट हवा आहे. मुलगा किंवा मुलगी, वय 22 ते 25. बी.कॉम. प्रथम श्रेणी, एम.कॉम. असल्यास प्राधान्य. टॅली, जीएसटी, टीडीएस आणि ॲडव्हान्स एक्सेल आलंच पाहिजे. मराठी, हिंदी, इंग्रजी अस्खलित. कॅनव्हावर डिझाइन करून कंपनीचं इन्स्टाग्राम सांभाळता यावं. स्वतःची टू-व्हीलर, लायसन्स आणि लॅपटॉप आवश्यक. अनुभव 2 ते 3 वर्षं. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत : फ्रेशर्सनीही अर्ज करावेत. पगार 12 हजार.

ही जाहिरात मला भाचीने पाठवली. बी.कॉम. झाल्यापासून ती असल्या जाहिराती वेचते आणि त्यातल्या निवडक मला धाडते, कारण माझी सगळी हयात अकाउंट्सच्या टेबलावर गेली. "मामा, असा माणूस असतो तरी का कुठे?" तिचा नेहमीचा प्रश्न.

असतो. गेल्याच शनिवारी तो राजीनामा देऊन गेलेला असतो.

छोट्या कंपनीत जाहिरात कशी तयार होते ते मी जवळून पाहिलंय. कुणी बसून विचारबिचार करत नाही. जाणाऱ्याला शेठ केबिनमध्ये बोलावतात आणि विचारतात, "तू काय काय बघायचास रे?" तो बिचारा बोटांवर मोजायला लागतो. वह्या बघायचो, रिटर्न भरायचो, बँकेत जायचो, चाकणच्या पार्टीशी हिंदीत भांडायचो, गणपतीत वर्गणीवाल्यांना वाटेला लावायचो, दिवाळीला शुभेच्छांचं चित्र करून टाकायचो. शेठ ऐकून चकित होतात, पण पगार वाढवायची वेळ टळून गेलेली असते. मग तीच यादी टाइप होऊन वर्तमानपत्राकडे किंवा नोकरीच्या ॲपवर जाते. सहा वर्षं राबून तयार झालेला माणूस हवा, आणि पगार मात्र तो पहिल्या दिवशी दारात उभा होता तेव्हाचा. जाहिरातीतलं मुख्य असत्य एवढंच. बाकी सगळं त्या माणसाचं इमानदार वर्णन असतं.

मोठ्या कंपन्यांचं तंत्र वेगळं. तिथे शेठ नसतो, एचआर असतं. जुनी फाइल उघडायची, तिच्यात प्रत्येक खात्याने आपापली एक अट घालायची आणि कुणीच कुठली अट काढायची नाही. त्यातून काय निघतं याचा नामी दाखला 2020 मध्ये मिळाला. फास्टएपीआय नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. एका जाहिरातीत त्याचा 4 वर्षांहून अधिक अनुभव मागितला होता. सेबास्टियन रामिरेझ नावाच्या गृहस्थांनी ती वाचली आणि ट्विटरवर लिहिलं की मला काही अर्ज करता येत नाही, माझा अनुभव दीडच वर्षाचा आहे. फास्टएपीआय तयार केलं होतं ते याच रामिरेझांनी, दीड वर्षापूर्वी. आपल्याकडे जीएसटी आला 1 जुलै 2017 ला. पुढच्याच वर्षी जीएसटीचा 3 वर्षांचा अनुभव मागणारी एक जाहिरात आमच्या ऑफिसात कात्रण करून टेबलाच्या काचेखाली सरकवलेली होती. ऑडिटला आलेले लोकसुद्धा वाकून वाचायचे.

बरं, अनुभव आणायचा कुठून? सोय नाही असं नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा आहे, पदवीधर इंजिनियर आणि डिप्लोमावाले त्यात 1973 च्या दुरुस्तीने आले. राज्य सरकारनेही 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. पदवीधराला महिना 10 हजार, मुदत आधी 6 महिने, मग वाढवून 11. शेवटी प्रमाणपत्र. ते घेऊन पोरं मुलाखतीला जातात तेव्हा समोरचा सांगतो की ट्रेनिंग आणि इंटर्नशिप आम्ही धरत नाही. म्हणजे पोहायला आलं की मगच पाण्यात उतरायचं.

आता तर पाण्यात उतरायचं तिकीटही निघालंय. नोव्हेंबर 2024 मध्ये झोमॅटोच्या दीपिंदर गोयल यांनी 'चीफ ऑफ स्टाफ' हवा असल्याचं जाहीर केलं. पहिलं वर्ष पगार नाही, उलट उमेदवारानेच फीडिंग इंडिया या संस्थेला 20 लाख रुपये द्यायचे. थोड्याच दिवसांत 18 हजारांवर अर्ज आले. मग गोयल म्हणाले की पैसे घ्यायचेच नव्हते, ती आपली चाळणी होती. असेल बुवा. पण ज्याच्या खिशात 20 हजारही नाहीत तो त्या चाळणीजवळ तरी कशाला जाईल? चाळणी भोकाची असते, ही भिंत होती.

अर्जाला पैसे मोजायची सवय मात्र आपल्या मुलांना सरकारने आधीच लावलीय. 2023 च्या तलाठी भरतीचं शुल्क खुल्या गटाला 1000 रुपये, राखीवला 900. जागा साडेचार हजारांच्या आसपास, अर्ज 10 लाखांवर. पोलीस भरतीत 17,471 जागांना 17 लाखांवर अर्ज, त्यात इंजिनियर आणि एम.बी.ए. झालेलेही मैदानात धावायला उभे. यावर पुष्कळांनी नाकं मुरडली, पोरांना सुरक्षित नोकरीचं वेड लागलंय म्हणून. मला तसं वाटत नाही. तलाठ्याच्या जाहिरातीत वेतन स्वच्छ छापलेलं होतं, 25,500 ते 81,100. शिक्षण किती, वय किती, परीक्षा किती गुणांची, सगळं लिहिलेलं. खासगीत 'पगार कंपनीच्या नियमानुसार' एवढंच, आणि तो नियम ऑफर लेटर येईपर्यंत कुणाच्या नजरेस पडत नाही. मुलाखतीत आकडा विचारला की मुलगा पैशाच्या मागे आहे असा शेरा. मग कशाच्या मागे असावा? कुटुंबासारख्या वातावरणाच्या? घरचं कुटुंब आहे की, ते तरी रविवारी ऑडिटची फाइल मागत नाही.

शेवटी भाचीला अंबडच्या एमआयडीसीत एक नोकरी लागली. पगार 13 हजार, काम फक्त बिलं चढवायचं. दोन महिन्यांत स्टोअरचा माणूस गेला, त्याचं रजिस्टर हिच्याकडे आलं. मग डिस्पॅच. मग मालकांच्या सौंच्या नावावरच्या दुसऱ्या फर्मचं जीएसटी. मग, हस्ताक्षर बरं म्हणून, दसऱ्याच्या पूजेच्या निमंत्रणांवर पत्ते घालायचं काम. सव्वा वर्षाने तिने पगारवाढ मागितली. 'बघू' असं उत्तर मिळालं. तिने दुसरीकडे बघितलं आणि राजीनामा दिला. तिलाही केबिनमध्ये बोलावणं आलं, तिनेही बोटं मोजली.

मागच्या आठवड्यात तिने मला नेहमीसारखी एक जाहिरात पाठवली. अकाउंट्स, स्टोअर, डिस्पॅच, जीएसटी, हस्ताक्षर सुवाच्य. पगार 13 हजार. अनुभव किमान 3 वर्षं.

खाली तिने लिहिलं होतं, "मामा, यात मी बसत नाही."