दोन काचांमधली हवा

पाकिटात एक स्लाइड होती आणि वहीच्या पानावर चार ओळी. एका ग्रामीण लॅबमधल्या तंत्रज्ञ बाईंनी लिहिलं होतं : तुमच्या पेटीतल्या काही स्लाइडवर सूक्ष्मदर्शकाच्या चाळीसच्या (चाळीसपट मोठं दाखवणाऱ्या) लेन्सखाली पेशी स्पष्ट दिसत नाहीत. आधी वाटलं माझ्या डोळ्यांचा दोष. मग कडेने निरखून पाहिलं तर काच दुहेरी वाटली.

मी ती स्लाइड खिडकीपाशी नेऊन आडवी धरली. कडेला दोन रेषा दिसत होत्या, केसाइतक्या. एकाच्या जागी दोन कव्हरस्लिप, म्हणजे स्लाइडवर झाकायच्या पातळ काचा, बसल्या होत्या, आणि त्या बसवणारं मशीन माझ्या डिझाइनचं होतं.

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं युनिट आहे. लघवीच्या तपासणीसाठी लागणाऱ्या प्लास्टिकच्या मोजणी-स्लाइड आम्ही बनवतो. प्लास्टिकच्या तळावर ठरावीक खोलीचा खळगा, त्यावर काचेची कव्हरस्लिप, दोन्ही बाजूंना चिकट पदार्थाची बारीक रेघ. कव्हरस्लिप २२ मिलिमीटर चौरस आणि जाडी ०.१३ ते ०.१६ मिलिमीटर. एका काचेचं वजन जेमतेम १८० मिलिग्रॅम. सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या लेन्स साधारण ०.१७ मिलिमीटरची काच गृहीत धरून घडवलेल्या असतात. दोन काचा आल्या की जाडी ०.३० च्या आसपास जाते, आणि चाळीसच्या लेन्सखाली सगळं धुक्यात गेल्यासारखं दिसतं. त्या धुक्यात कुणाच्या तरी लघवीतले रक्तपेशींचे ठिपके मोजायचे राहून जाऊ शकतात. पत्र वाचून माझ्या पोटात खड्डा पडला तो यामुळे.

दिवस जुलैचा होता. आषाढातला पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की बोलणं ऐकू येत नव्हतं. शेडमधला आर्द्रतेचा काटा ८४ वर होता. त्याच लॉटच्या राखून ठेवलेल्या पाचशे स्लाइड काढून आम्ही तिघांनी भिंगाखाली तपासल्या. सात सापडल्या. साहेबांना सांगितलं, तो लॉट परत मागवावा लागेल. ते काही क्षण गप्प राहिले, मग म्हणाले, "मागव. पण आज रात्रीपर्यंत मशीन तरी बरोबर कर, नाहीतर उद्याही हेच बाहेर जाईल."

पातळ काच एकेक करून देणं हे काम ऐकायला सोपं वाटतं. स्क्रू, नट, झाकणं असली की बाउल फीडर लावायचा, थरथर करत माल ओळीने चढतो. काचेला ते चालत नाही. इतके पातळ तुकडे मासळीच्या खवल्यांसारखे एकमेकांवर चढतात, आणि घासून कडांचे कपचे उडतात ते वेगळंच. म्हणून मी आधीच्या वर्षी उभं मॅगझिन केलं होतं : काचांची चवड, तळाला सरकती पट्टी, पट्टीला ०.१० ची पायरी, समोर ०.२० ची फट. एक काच फटीतून जाईल, दोन जाणार नाहीत. गणित चोख होतं, कारण सगळ्यात जाड एक काच ०.१६ आणि सगळ्यात पातळ दोन मिळून ०.२६. मधली जागा पुरेशी होती. पण पोलादी पायरी काचेच्या कडेवर आपटत राहिली, आणि आठवड्याभरात काचेची पूड पट्टीखाली जाऊन सगळं घट्ट बसलं. मग ते काढून वरून उचलणारा सक्शन कप बसवला. चवडीच्या मधोमध कप टेकतो, निर्वात होतो, काच उचलली जाते.

मार्चमध्ये ते छान चाललं. मी समजलो, जमलं. पावसाळ्याचा विचारच केला नव्हता.

सकाळी पहिला उपाय केला तो चुकीचा होता, तोही सांगतो. मला वाटलं ओढ जास्त होते आहे, म्हणून दुसरी काच मागोमाग येते. ६ मिलिमीटरचा कप २० किलोपास्कलवरसुद्धा सुमारे अर्धा न्यूटन ओढतो, म्हणजे काचेच्या वजनाच्या जवळजवळ तीनशे पट. मी निर्वात कमी केला, आणखी कमी केला. काचा सुटून पडायला लागल्या, पण ज्या उचलल्या जात होत्या त्यांतली एखादी जोडी तशीच येत होती. ओढ कितीही कमी करा, कप पहिल्या काचेला धरतो आणि दुसरी पहिलीला धरून राहते. दोष कपात नव्हताच. काचेच्या दोन सपाट तोंडांमध्ये ओलाव्याचा पापुद्रा बसला होता आणि तो त्यांना सोडत नव्हता. जाड काचांचे कारखाने दोन तावदानांमध्ये कागद किंवा बारीक पावडर घालून पाठवतात ते उगाच नाही. आमच्या काचांत कागद घालता येत नाही, पावडर तर लेन्सखाली खड्यांसारखी दिसेल.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असताना हाताने काम चालू होतं. लोटलीच्या एक ताई आमच्याकडे सुरुवातीपासून आहेत. मशीन येण्याआधी सगळ्या काचा त्या आणि आणखी दोघी हातानेच बसवायच्या, मिनिटाला आठ-नऊ. रबरी मोजे घालूनही त्यांच्या बोटांच्या टोकांना बारीक चिरा असत. मी त्यांच्या बाजूला स्टूल ओढून बसलो आणि फक्त त्यांचा अंगठा पाहत राहिलो. इतकी वर्षं मी ते काम रोज पाहिलं होतं, पण बघितलं नव्हतं हेच खरं.

त्या काच उचलतच नव्हत्या. अंगठ्याने वरची काच कोपऱ्याच्या दिशेने जरा सरकवायच्या, तांदळाच्या दाण्याएवढी. मग बाहेर आलेल्या कोपऱ्याखाली नख घालून तेवढाच कोपरा वर करायच्या. क्षणभर थांबायच्या. आणि मग काच अलगद हातात यायची.

मी विचारलं, "ताई, मध्ये का थांबता?"

त्या कोकणीत म्हणाल्या, "सर, उखलूं नाकात, निसरोवन काडात. मागीर वारें वता भितर." उचलू नका, सरकवून काढा, मग वारं आत जातं.

ओल्या बशा एकमेकींवर ठेवल्या की हेच होतं. वर ओढून सुटत नाहीत, सरकवल्या की सहज सुटतात. पाण्याचा पापुद्रा उभी ओढ सहन करतो, आडवी करत नाही. सरळ वर ओढायचं तर दोन काचांच्या मध्ये एकदम सगळीकडे हवा शिरायला हवी, आणि तिला वाटच नसते. कोपरा वाकवला की वाट होते. काच वाकते यावर बऱ्याच जणांचा विश्वास बसत नाही; इतकी पातळ असली की वाकते, थोडी, आणि न तुटता परत सरळ होते. माझा मधोमध लावलेला कप नेमकं उलटं करत होता. तो काचेला मध्यावर वर खेचायचा, कडा खालच्या काचेवर आणखी घट्ट दाबल्या जायच्या.

आणि तिथे बसल्या बसल्या मला फोंड्यातला काकांचा छापखाना आठवला. शाळेच्या सुट्टीत मी तिथे लग्नपत्रिका मोजायला जायचो. जुनं हायडलबर्ग मशीन होतं, पंख्यासारखे फिरणारे दोन हात असलेलं. कागदाच्या थप्पीच्या कडेला वाऱ्याची फुंकर बसायची, वरचे चार-पाच कागद तरंगल्यासारखे व्हायचे, आणि सकरची, म्हणजे हवेच्या ओढीने कागद धरणारी, दांडी येऊन एकच कागद घेऊन जायची. कागद पातळ असला की काका ती दांडी जरा तिरकी करायचे. मी विचारलं होतं तेव्हा म्हणाले होते, "सरळ धरलं तर दोन येतात. कड आधी उलटायला पायजे." दहा-अकरा वर्षांचा होतो. ते वाक्य कुठे पडून होतं कोण जाणे. याच गोव्यात १५५६ मध्ये जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात छापखाना आला, तेव्हापासून कितीतरी पिढ्या माणसांनी कागद हातानेच एकेक लावला. ते हात जे करत होते तेच पुढे फुंकर आणि तिरकी दांडी करू लागली. आणि मी मात्र काचेचा प्रश्न नवा समजून पहिल्यापासून सुरुवात केली होती.

अडीच वाजता मेस्ताला बोलावलं. आमचे टूलरूमचे मेस्त कुडाळकडचे, फार कमी बोलतात. मी कागदावर काढून दाखवलं : कप मधून काढून एका कोपऱ्याजवळ, मॅगझिन तिरकं, कपाने आधी आडवं चार मिलिमीटर सरकायचं, मग कोपरा मिलिमीटरभर वर, थांबायचं, बाजूने हवेची फुंकर, मग पूर्ण उचल. मेस्तांनी विचारलं, "आणि खालची काच सोबत सरकली तर तिला कोण धरणार?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पत्र्याची कड लावावी तर पुन्हा कपचे उडणार. ते उठून गेले आणि एक नवा टूथब्रश घेऊन आले. त्यातले नायलॉनचे केस कापून त्यांनी पितळी पट्टीत दाबून बसवले आणि ती पट्टी मॅगझिनच्या तोंडाशी अशी लावली की केस काचांच्या कडांना नुसते टेकतील. वरची काच कपाच्या जोरावर केसांतून निघून जाते, खालची केसांत अडकून राहते. अजूनही तिथे ब्रशच आहे, आता फक्त दर आठवड्याला बदलतो.

साडेपाचला पहिली चाचणी घेतली आणि आधीपेक्षा वाईट झालं. विसात तीन जोड्या. मला रडू यायचं बाकी होतं. ताईंनी सुटलेली एक काच उजेडात धरली आणि मला दाखवली. तिच्यावर दवाचे ठिपके होते. फुंकर ओली होती. कॉम्प्रेसरच्या ड्रायरचा निचरा गाळाने तुंबला होता आणि सगळं पाणी लाइनमधून थेट काचांवर येत होतं. म्हणजे मी दोन काचांमध्ये हवा घालण्याऐवजी पाणी घालत होतो. मेस्तांनी निचरा उघडला तेव्हा अर्धी बादली गढूळ पाणी निघालं. पुढचा अर्धा तास नुसती हवा वाहू दिली. उघड्या डब्यांतल्या काचा बाजूला काढल्या, नवे सीलबंद डबे आर्द्रता खेचणाऱ्या यंत्राच्या खोलीतच उघडायचं ठरवलं.

एक गोष्ट मात्र मी त्या दिवशी सोडणार नव्हतो. फीडर कितीही चांगला असो, त्याच्यावर नुसता विश्वास ठेवून माल बाहेर जाऊ द्यायचा नाही. काच घेऊन जाणाऱ्या हाताच्या वाटेत जाडी मोजणारा प्रोब बसवला. काच क्षणभर सपाट दगडी ठोकळ्यावर टेकते, प्रोबचं टोक वरून टेकतं. ०.२१ च्या वर आकडा गेला की ती काच लाइनवर जातच नाही, बाजूच्या डब्यात पडते. हा प्रोब पहिल्याच दिवसापासून असायला हवा होता. डिझाइनच्या वेळी खर्चात बसत नाही म्हणून मीच तो काढून टाकला होता. त्या लॅबमधल्या बाईंनी कडेने निरखून पाहिलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं.

संध्याकाळची शिफ्टची बस सहाला निघाली. ताई थांबल्या. घरी फोन करून म्हणाल्या, भात झाकून ठेवा. मी त्यांना जायला सांगितलं तेव्हा त्यांनी एक प्रश्न विचारला, मराठीत, म्हणजे मला नीट कळावा म्हणून : "सर, हे चाललं की मग आमचं काम काय?"

मी तिथल्या तिथे गोड बोलू शकलो असतो. खरं ते सांगितलं, की काच बसवण्याचं काम उरणार नाही. पण त्या सात स्लाइड भिंगाखाली शोधताना सातपैकी चार जोड्या त्यांनीच पकडल्या होत्या, हेही सांगितलं. तपासणीच्या टेबलावर माणूस लागणार होता, आणि ते टेबल त्यांचं व्हावं असं मी साहेबांना दुसऱ्याच दिवशी लिहून दिलं. तिघींपैकी दोघींना ते काम मिळालं. तिसरीला पॅकिंगमध्ये पाठवलं, तिथे पगार तोच पण उभं राहून काम. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

रात्री नऊनंतर मशीन सुरू झालं. मॅगझिनच्या पायथ्याशी मी, प्रोबच्या आकड्यापाशी मेस्त, भिंगापाशी ताई. कप टेकायचा, आडवा सरकायचा, कोपरा वर, एक बारीक फुस्स, आणि काच जायची. ०.१४. ०.१५. ०.१४. पाऊस थांबला होता, त्यामुळे ते फुस्स स्पष्ट ऐकू येत होतं. एकशे साठाव्या काचेला ०.२९ आला, काच बाजूला पडली. मेस्तांनी ती उचलून अंगठ्याने सरकवली, दोन वेगळ्या झाल्या. आम्ही ब्रशची पट्टी अगदी थोडी आत घेतली आणि पुन्हा एकपासून मोजायला लागलो.

पावणेबाराला चारशे झाल्या. बाजूच्या डब्यात एकही नव्हती. ताईंनी शेवटच्या ट्रेमधली एक स्लाइड काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, चाळीसची लेन्स लावली, आणि बाजूला सरकून मला जागा दिली. मोजणीच्या जाळीच्या रेघा काळ्या आणि सुरेख दिसत होत्या. तीच स्लाइड दुसऱ्या दिवशी नव्या पेटीसोबत त्या लॅबला पाठवली, पत्रात जे झालं ते सगळं लिहून.