हायबरीतला तुटलेला स्क्रू

आठवडा झाला तरी तो स्क्रू डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतोय.

मी बर्मिंगहॅमला जुन्या घरांची दुरुस्ती करणाऱ्या एका छोट्या टीममध्ये आहे, लाकूडकाम माझ्याकडे. निम्मा दिवस जुना रंग खरवडण्यात आणि निघालेल्या प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी लावण्यात जातो. त्या दिवशी शहरातल्या मोझली भागातल्या हायबरीत होतो, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश राजकारणी जोसेफ चेंबरलेन याचं घर, १८८० साली तो इथे राहायला आला. लाल विटा, गॉथिक कमानी, टेराकोटाची नक्षी, आत शिरलं की दोन मजली उंच हॉल. आर्किटेक्टचं आडनावही चेंबरलेनच, पण नात्यातला नव्हे.

बघायला येणारे लोक तो कोटावर कायम लावायचा त्या ऑर्किडच्या फुलाचं विचारतात, नाहीतर हिटलरशी म्युनिक करार करणाऱ्या पंतप्रधान नेव्हिलचं, तो त्याचा मुलगा. पण एवढं घर बांधायला पैसा आला कुठून हे कोणी विचारत नाही आणि मला त्याचा खरंच राग येतो. पैसा आला स्क्रूमधून! १८५४ साली, १८ वर्षांचा असताना, वडिलांनी त्याला लंडनहून इथे आत्याच्या नवऱ्याच्या, नेटलफोल्डच्या धंद्यात पाठवलं. अमेरिकन पेटंटच्या मशीनवर टोकदार स्क्रू काढायचे होते. त्याआधी लाकडाच्या स्क्रूचं टोक बोथट असायचं, आधी पूर्ण भोक पाडल्याशिवाय तो आत जायचाच नाही. १८७४ ला तो धंद्यातून बाहेर पडला तेव्हा १,२०,००० पौंड घेऊन, आणि तेव्हा तो शहराचा मेयरही होता, गॅस आणि पाणी शहराच्या मालकीचं त्यानेच करून घेतलं.

माझे बाबा दादरला सुतार. हार्डवेअरच्या दुकानात ‘नेटलफोल्डचेच द्या’ म्हणून मागायचे. हातोडीने स्क्रू ठोकणारा कारागीर त्यांना अजिबात चालायचा नाही.

तर, एका दाराच्या बिजागरीमागचं लाकूड बघायचं होतं. मी नोंदीचा फॉर्म भरत होतो तेवढ्यात आमच्यातल्या नवीन मुलाने इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे ठोके देत स्क्रू फिरवणारं मशीन, लावला आणि टक्‌. स्क्रूचं डोकं हातात, दांडी लाकडात. अशी मशीन नवख्याच्या हातात देणाऱ्यांचीच चूक आहे ही, त्या पोराची नाही. चौकट ओकची, ओकमधलं टॅनिन लोखंड खातं, डोकं धडधाकट दिसतं पण आत दांडी सुतळीएवढी बारीक झालेली असते.

उरलेले सात मी हाताने काढले. आधी खाचेतला रंग सुईने पूर्ण साफ करायचा, तळ दिसेपर्यंत. मग ड्रायव्हरचं पातं त्या खाचेत चपखल बसेल असं घासून घ्यायचं, डोक्यावर गरम सोल्डरिंग आयर्न मिनिटभर धरायचं आणि थंड झाल्यावर आधी केसभर आवळायचा, मगच उलटा फिरवायचा. सुटताना बारीक ‘कुर्र’ असा आवाज येतो, तो आला की जीव भांड्यात पडतो. सातही अखंड निघाले, सातांनाही टोक होतं.

फॉर्मवर ‘निर्माता’ असा रकाना असतो. जोडीदार म्हणाला, अरे लिही ना नेटलफोल्ड अँड चेंबरलेन, त्याच्या घरात दुसऱ्या कोणाचे स्क्रू असणार? पण डोक्यावर काही छाप नाही, दार नंतर कधीतरी उतरवून परत लावलेलं असू शकतं, आणि टोकदार स्क्रू पुढे बऱ्याच जणांनी केले. मी ‘अज्ञात’ लिहिलं. तो दिवसभर नीट बोलला नाही. मलाही तेच लिहायचं होतं हो, त्याच्यापेक्षा जास्तच.

तुटलेली दांडी तशीच ठेवली. ती काढायची तर भोवतालचा ओक पोखरावा लागला असता. डोकं पाकिटात घातलं, चिठ्ठी लावली, जमा केलं.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवले. त्यांनी ते मोठे करून बराच वेळ बघितले. म्हणाले, ‘खाच बरोब्बर मधोमध आहे बघ.’ आणि मग, ‘परत लावताना साबण लावलास ना?’

मेण लावलं म्हणालो, साबणाने पुढे गंज धरतो. बाबा जरा वेळ गप्पच होते. मग म्हणाले, ‘मी तर आयुष्यभर साबणच लावला रे.’