सोमवारचा उपास करणारा उजवा विंगर: स्टोक ते ब्लॅकपूल

स्टोक-ऑन-ट्रेंटला बाहेरून येणारी माणसं बहुतेक चिनीमातीच्या भांड्यांसाठी येतात. स्थानकातून बाहेर पडलं की समोरच्या चौकात पुतळाही जोसाया वेजवूडचा, हातात फुलदाणी घेतलेला. मी गेलो होतो ते स्टॅन्ली मॅथ्यूजसाठी, इंग्लंडचा उजवा विंगर, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेने चढाई करणारा फुटबॉलपटू. १९३२ ते १९६५, म्हणजे ३३ वर्षं हा माणूस पहिल्या प्रतीचं फुटबॉल खेळला आणि तेही दोनच क्लबांकडून, स्टोक सिटी आणि ब्लॅकपूल. त्यामुळे त्याची कारकीर्द पायाखाली घालायला दोन दिवस पुरतात. एवढी सोय दुसरा कुठला मोठा खेळाडू करून देत नाही.

लंडनच्या यूस्टन स्थानकावरून स्टोक साधारण दीड तासावर आहे, मँचेस्टर पिकॅडिलीहून पाऊण तासावर. पहिला घोळ इथेच होतो. स्टोक हे एक गाव नाही. टन्स्टॉल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन अशी सहा गावं मिळून हे शहर झालं आहे. रेल्वे स्थानक स्टोकमध्ये, पण बाजारपेठ आणि शहराचं केंद्र हॅन्लीत, चढावर. चालत अर्धा तास लागतो, नाहीतर बस आहे. 'सिटी सेंटर' शोधत स्टोकमध्येच फिरत बसलात तर तास फुकट जातो.

मॅथ्यूज हॅन्लीचा. जन्म १ फेब्रुवारी १९१५, सीमोर स्ट्रीट. बाप जॅक मॅथ्यूज धंद्याने न्हावी आणि शिवाय मुष्टियोद्धा. 'हॅन्लीचा लढवय्या न्हावी' अशी त्याची ख्याती. पोरांना पहाटे उठवून व्यायामाला लावायचा. हॅन्लीच्या पादचारी बाजारात मॅथ्यूजचा पुतळा आहे, चेंडू पायाशी आणि अंग किंचित कललेलं. लोक समोरून फोटो काढतात आणि जातात. पुतळ्याला वळसा घालून बाजूने बघा, तो कल कळतो.

कारण त्याची युक्ती एकच होती आणि ती सगळ्या इंग्लंडला पाठ होती. चेंडू घेऊन तो डाव्या फुलबॅकच्या, म्हणजे त्या कडेच्या बचावपटूच्या, अंगावर सरळ जायचा, जवळ पोचला की जवळजवळ थांबायचा. मग डावा खांदा खाली, कंबरेतून झोक आतल्या बाजूला, आणि उजव्या पायाच्या आतल्या कडेने चेंडूला आत जाण्यापुरता जेमतेम स्पर्श. फुलबॅक आतली वाट अडवायला आपला भार उजव्या पायावर टाकतो. तो भार पडला त्याच क्षणी त्याच उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू टचलाइनकडे (मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेकडे), आणि पहिली आठ-दहा पावलं जीव तोडून. भार एका पायावरून दुसऱ्यावर आणायला फुलबॅकला जो अर्धा सेकंद लागतो, तेवढंच मॅथ्यूजचं भांडवल. कबड्डीत चढाई करणारा हूल देतो, तसलीच ही हूल. फरक इतकाच की इथे चेंडूही सोबत न्यायचा असतो.

करून बघणारे तीन ठिकाणी हमखास फसतात. एक, नुसता खांदा हलवतात आणि कंबर जागेवर ठेवतात. समोरचा बचावपटू कंबर बघत असला तर तो हलतच नाही. दोन, हूल फार लांबून देतात. मधलं अंतर दीडेक मीटरच्या वर गेलं की फुलबॅकला सावरायला वेळ मिळतो. तीन, पूर्ण वेगात असताना देतात, म्हणजे नंतर वेग वाढवायला काही शिल्लकच राहत नाही. आधी जवळजवळ थांबणं हा युक्तीचाच भाग आहे. चेंडू बाहेर ढकलताना जोर जास्त झाला तर तो थेट रेषेपलीकडे जातो, हे वेगळंच. यावर बचावपटूकडे उतारा होता: झेपावायचं नाही, नजर चेंडूवर ठेवायची आणि मागे सरकत राहायचं. पण समोरचा उभा राहून वाट बघतोय, पस्तीस-चाळीस हजार लोक ओरडताहेत, अशा वेळी न झेपावणं किती जणांना जमेल?

हॅन्लीत न्याहारीला ओटकेक खा. नाव ऐकून केक समजू नका, स्कॉटलंडच्या कडक बिस्किटाशीही याचा संबंध नाही. ओटचं पीठ, थोडी कणीक, यीस्ट आणि पाणी यांचं सरसरीत पीठ आंबवून तव्यावर घातलेलं हे सरळसरळ धिरडं. आत चीज, बेकन किंवा मश्रूम घालून दुमडतात. शाकाहारी माणसाने चीज-मश्रूम सांगावं. ही दुकानं पहाटे उघडतात आणि दुपारी लवकर बंद होतात, तेव्हा जेवणाला खाऊ म्हणून पुढे ढकलू नका.

उतरून परत स्टोकला आलं की टाउन हॉलच्या मागे किंग्ज हॉल आहे. १९३८ च्या फेब्रुवारीत मॅथ्यूजने क्लब सोडण्याची परवानगी मागितली, तेव्हा तीन हजारांहून जास्त लोक इथे सभेला जमले होते. मागणी एकच, त्याला जाऊ देऊ नका. तो राहिला. तिथून दक्षिणेला बूथेन भागात व्हिक्टोरिया ग्राउंड होतं, १८७८ ते १९९७ पर्यंत स्टोक सिटीचं घर. पंधराव्या वर्षी तो इथे कार्यालयातला पोऱ्या म्हणून लागला, सतराव्या वाढदिवसाला व्यावसायिक झाला, आणि १९ मार्च १९३२ ला बरीविरुद्ध पहिला सामना खेळला. स्टेडियम पाडून झालं आहे. भोवतीच्या गल्ल्या आणि विटांची एका ओळीतली घरं तेवढी बघायला मिळतात. ती बघून एक गोष्ट लक्षात येते, मैदान लोकांच्या परसात होतं.

दुसऱ्या दिवशी ब्लॅकपूल. स्टोकहून थेट गाडी मिळेल या भरवशावर राहू नका. मँचेस्टरला किंवा क्रू आणि प्रेस्टनला बदलावी लागते. दोन-अडीच तास धरा. ब्लॅकपूलला मुख्य स्थानकं दोन आहेत, नॉर्थ आणि साउथ, आणि लोक सवयीने नॉर्थचं तिकीट काढतात. ब्लूमफील्ड रोड मैदान साउथ स्थानकाजवळ आहे, दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर. नॉर्थवरून अडीचेक किलोमीटर पडतं. मात्र प्रेस्टनहून साउथला जाणारी गाडी तासाला एक असते, पुढे मार्गही एकेरी आहे. जोडगाडी चुकली तर प्रेस्टनच्या फलाटावर तास काढावा लागतो. (प्रेस्टन म्हणजे मॅथ्यूजच्याच काळातला इंग्लंडचा विंगर टॉम फिनी याचं गाव. मॅथ्यूज थोर की फिनी थोर, हा वाद तिथे चहाच्या टपरीवर काढू नये. फिनी दोन्ही पायांनी खेळायचा, गोलही कितीतरी जास्त करायचा, आणि प्रेस्टनकरांना हे तोंडपाठ असतं.)

युद्धाच्या काळात मॅथ्यूज हवाई दलात होता, नेमणूक ब्लॅकपूलजवळ. हे गाव त्याला तेव्हा आवडलं. १० मे १९४७ ला ब्लॅकपूलने त्याला ११,५०० पौंडांना घेतला. वय ३२. त्या काळी विंगर या वयात दुकान थाटायच्या विचारात असायचा. मॅथ्यूज पुढे १४ वर्षं इथे खेळला.

ते कसं जमलं याचं उत्तर मैदानात नाही, पुळणीवर आहे. तो पहाटे एकटा वाळूवर सराव करायचा. लांब धावणं नव्हे. छोट्या, तीव्र दौडी, पहिल्या दहा पावलांसाठी. ही पुळण बघायची तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघा. उधाणाच्या दिवसांत इथे पाण्याची चढउतार आठ मीटरच्या आसपास असते, मुंबईपेक्षा कितीतरी जास्त. पूर्ण भरतीला लाटा थेट बंधाऱ्याच्या पायऱ्यांवर आपटतात आणि वाळू नावालाही उरत नाही. ओहोटीच्या आधी तासभर पोचा. पाण्याजवळची वाळू ओली आणि घट्ट असते, तिच्यावर लाटांच्या बारीक वळ्या उमटलेल्या असतात. बंधाऱ्याजवळची कोरडी वाळू पाय गिळते. घट्ट वाळूवर दहा पावलं धावा, मग कोरडीवर दहा. दुसऱ्या खेपेला पोटऱ्या बोलायला लागतात. पाणी परत येताना वाळूतल्या खोलगट ओहोळांतून आधी मागच्या बाजूने भरतं, म्हणून फार आत जाऊ नये.

बाकीची पथ्यं आपल्याकडच्या आजोबांना पटली असती. सोमवारी उपास. भाज्यांचे, त्यातही गाजराचे रस. दारू नाही. मैदानावर चालत जाताना तो शिसं भरलेले जड जोडे घालायचा, म्हणजे खेळायचे बूट चढवले की पाय पिसासारखे वाटत. १९५० च्या विश्वचषकाला ब्राझीलमध्ये त्याने दक्षिण अमेरिकी खेळाडूंच्या पायांत हलके, घोट्याखालचे बूट पाहिले. परत येऊन त्याने तसेच बूट करून घेतले. इतके पातळ की थोड्याच सामन्यांत फाटायचे. त्याला चालत होतं. त्याचा खेळ लाथेचा नव्हताच.

ब्लूमफील्ड रोडवर पश्चिमेच्या स्टँडला त्याचं नाव आहे. उत्तरेचा स्टँड त्याचा ब्लॅकपूलमधला साथीदार स्टॅन मॉर्टेनसनचा, पुतळाही मॉर्टेनसनचा, आणि हे अगदी योग्य आहे. २ मे १९५३ ची एफए कपची (इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा) फायनल 'मॅथ्यूज फायनल' म्हणून ओळखली जाते, पण तीन गोल मॉर्टेनसनचे होते. स्वतः मॅथ्यूजलाही ते नाव खटकायचं. १९४८ आणि १९५१ च्या फायनल ब्लॅकपूल हरलं होतं. या वेळी बोल्टन ३-१ ने पुढे, वीस-बावीस मिनिटं शिल्लक. पण बोल्टनच्या एरिक बेलचा मांडीचा स्नायू सुरुवातीलाच दुखावलेला आणि बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती. त्याने लंगडत एक गोलही केला, पण डावी बाजू उघडी पडली ती पडलीच. तिथला फुलबॅक राल्फ बँक्स, त्याच्या पायात गोळे आलेले. म्हणजे त्या बाजूला दीड माणूस आणि समोर मॅथ्यूज. सगळे चेंडू उजवीकडेच जायला लागले. मॉर्टेनसनने ६८ व्या मिनिटाला अंतर कमी केलं, ८९ व्या मिनिटाला फ्री किकवर बरोबरी साधली. नव्वद मिनिटांनंतर दुखापतींसाठी वाढवलेल्या वेळेत मॅथ्यूज गोलरेषेपर्यंत गेला आणि घसरता घसरता चेंडू मागे ओढला. मॉर्टेनसन पुढे निघून गेला होता. मागून आलेल्या बिल पेरीने तो आत मारला. चेंडू गोलरेषेवरून मागे आला की ऑफसाइडचा प्रश्नच राहत नाही, आणि बचावपटूंची तोंडं आपल्याच गोलकडे असतात. विंगरने रेषेपर्यंत का जावं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. ४-३.

१९५६ मध्ये पहिला बॅलन डी'ऑर, युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, त्याला मिळाला, वय ४१; रेआल माद्रिदच्या डि स्टेफानोला ४४ मतगुण, याला ४७. इंग्लंडकडून शेवटचा सामना मे १९५७, वय ४२.

परतीला मँचेस्टरमार्गे लंडनला आलं तर स्टोक वाटेतच लागतं. तोही असाच परतला, ऑक्टोबर १९६१ मध्ये, ४६ व्या वर्षी. घरच्या आदल्या सामन्याला आठेक हजार प्रेक्षक होते. हडर्सफील्डविरुद्ध तो उतरला त्या दिवशी जवळजवळ ३६ हजार आले. १९३३ मध्ये स्टोकने दुसरी डिव्हिजन, म्हणजे दुसऱ्या पातळीची लीग, जिंकली होती, १९६३ मध्ये पुन्हा जिंकली. त्या निर्णायक सामन्यात ल्यूटनविरुद्ध एक गोल त्याचा. १९६५ च्या सुरुवातीला 'सर' झाला, खेळत असताना नाइटहूड मिळालेला एकमेव फुटबॉलपटू. ६ फेब्रुवारीला फुलमविरुद्ध शेवटचा लीग सामना खेळला तेव्हा त्याला पन्नाशी पुरी होऊन पाच दिवस झाले होते.

आताचं स्टेडियम स्थानकाच्या दक्षिणेला, स्टॅन्ली मॅथ्यूज वेवर आहे. पाऊस नसेल तर स्थानकामागच्या ट्रेंट अँड मर्सी कालव्याच्या काठाने जा. सपाट वाट, पाऊणेक तास. पावसानंतर चिखल होतो, पांढरे बूट घालू नयेत. स्टेडियम उघड्या माळावर असल्याने वारा बोचतो, मेमध्येसुद्धा जॅकेट ठेवा. बाहेर कारकिर्दीच्या तीन टप्प्यांतले तीन मॅथ्यूज एकाच चौथऱ्यावर आहेत. ते कधीही बघता येतात. आत जायला सामन्याचं तिकीट किंवा आधी नोंदवलेला फेरफटका लागतो, आणि गवतावर पाय ठेवू देत नाहीत.

या मैदानावर तो एकही सामना खेळला नाही. ते १९९७ मध्ये उघडलं. २३ फेब्रुवारी २००० ला तो गेला आणि त्याच्या अस्थी इथल्या मध्यवर्तुळाखाली पुरल्या. टचलाइनच्या चुन्यावर बूट पांढरे करून घेतलेला माणूस आता बरोबर मैदानाच्या मधोमध आहे. फेरफटक्यात खेळाडूंच्या बोगद्यातून बाहेर आलात की तिथून मध्यवर्तुळ दिसतं. तिथे काही खूण केलेली नाही, तेव्हा शोधू नका.